घरातील कार्यालय आणि माहितीची राखण

मुंबई उपनगर जिल्ह्यातील मार्वे आणि मनोरी यांच्यामध्ये खाडी आहे. मनोरीच्या नोकरदाराला मालाडचे कार्यालय गाठावयाचे तर फेरीबोटीने ही खाडी ओलांडावी लागते, अन्यथा उत्तन-भाईंदरमार्गे मोठा वळसा घ्यावा लागतो. अशा गावात घरून काम करण्याची मुभा म्हणजे वेळेची व श्रमाची मोठीच बचत होय. मार्च 2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि ही मुभा असंख्य कर्मचाऱ्यांना एकाएकी मिळाली. केंद्राच्या दूरसंचार विभागाने त्याच महिन्यात कॉल सेंटरसारख्या सेवांसाठी घरून कामाच्या अटी शिथिल केल्या व नोव्हेंबर 2020 मध्ये नियम अधिक सुलभ केले. टाळेबंदी उठली, परंतु ही पद्धत अनेक क्षेत्रांत टिकून राहिली. कर्मचाऱ्याची फेरी वाचली. माहितीला मात्र आता रोज खाडी ओलांडावी लागते.

दप्तर आणि प्रत

कागदी दप्तराला कपाट असते, कुलूप असते. नस्ती बाहेर गेली तर नोंदवहीत नोंद होते आणि फळीवरील रिकामी जागा डोळ्यांना दिसते. संगणकावरील माहितीचे तसे नाही. तिची प्रत कोणी काढून नेली, तरी मूळ माहिती जागच्या जागीच राहते. म्हणून चोरी झाल्याचेही पुष्कळदा उशिरा उमगते. ग्राहकांची बँक खाती, रुग्णांचे अहवाल, निविदांचे दर ही माहिती घरातील सामायिक संगणकावर उतरली की तिच्यावर कार्यालयाची नजर राहत नाही. मुलांनी खेळासाठी घेतलेले एखादे अनोळखी सॉफ्टवेअरही तिला धोक्यात आणू शकते.

अंधेरीचा धडा

अंधेरी येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक यंत्रणेवर मार्च 2021 मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. माहिती कुलूपबंद झाली आणि ऑनलाइन सेवा खंडित झाल्या. मात्र माहितीच्या राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या. त्या बाधित झाल्या नाहीत, असे महामंडळाने स्पष्ट केले. हा प्रसंग घरून कामाचा नव्हे; परंतु त्याचा बोध तेथेही लागू पडतो. एका यंत्राला झालेली बाधा जाळ्यातून इतरत्र पसरू शकते आणि घरचा संगणक कार्यालयाशी जोडला गेला की तोही त्याच जाळ्याचा भाग बनतो.

करावयाची व्यवस्था

पहिला नियम असा की, ज्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढीच त्या कर्मचाऱ्याला खुली असावी. शक्यतो ती कार्यालयाच्या सर्व्हरवरच राहावी. घरी उतरवून घेण्याची गरज पडू नये. कामासाठी कार्यालयाने स्वतंत्र संगणक द्यावा, त्यावरील माहिती एन्क्रिप्शनने सुरक्षित करावी आणि जोडणी व्हीपीएनद्वारे व्हावी. पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी असावी. घरच्या वाय-फाय यंत्राचा मूळ पासवर्ड बदलावा. कार्यालयीन कागद खासगी ई-मेल वा व्हॉट्सॲपवरून पाठवू नयेत. कर्मचारी नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा.

संगणक हरवला किंवा संशयास्पद दुव्यावर बोट पडले, तर कर्मचाऱ्याने तत्काळ कळवावे. कळविणाऱ्याला शिक्षेची धास्ती वाटली तर तो गप्प राहील आणि हानी वाढेल, हे अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटनांची खबर निदर्शनास आल्यापासून 6 तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला देणे संस्थांवर बंधनकारक आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास नागरिकांसाठी 1930 हा मदत क्रमांक आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमात, सुरक्षेचे वाजवी उपाय न योजणाऱ्या संस्थेस 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा नाही. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक घरी बसून भरणारे शिक्षक आणि दाखल्यांचे काम पाहणारे ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक यांच्या हातीही अशीच ठेव असते. ती ज्यांची आहे, त्या लोकांनी विश्वासाने सोपविलेली असते. काम कार्यालयात होवो वा घरात, त्या ठेवीची राखण हा कामाचाच भाग मानला गेला पाहिजे.