टॅपेट कव्हरमधून ऑइल का गळतं?

"गळतंय? मग अजून आवळ!" हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये हा सल्ला फुकट मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. जास्त आवळलं की पत्र्याचं कव्हर बोल्टपाशी दबतं, दोन बोल्टांच्या मधे फट पडते आणि ऑइल तिथूनच येतं. ते गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर होतो, कधी आगही लागू शकते.

इंजिन थंड झाल्यावर जुनं गॅस्केट खरवडून काढा, दोन्ही पृष्ठभाग पुसून अगदी कोरडे करा. खरं काम हेच! रबरी गॅस्केट कोरडंच बसवा; सिलिकॉन मॅन्युअल सांगेल तिथेच, थेंबभर. जादाचं आत सुटून ऑइलच्या वाटेत अडकतं. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, थोडे थोडे आवळा. तरीही गळलं तर ब्रीदरची नळी बघा. ती तुंबली की आतला दाब ऑइल बाहेर ढकलतो.