गोल्फची फेरी आणि मधुमेही

मुले अमेरिकेत असल्याने उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून येणारी पन्नाशी-साठीची मंडळी आता आपल्या गावातही बरीच आहेत. निघण्यापूर्वी ती औषधांची चिठ्ठी घ्यायला येतात. ह्यूस्टनला जाणारे काही जण विचारतात, ‘‘डॉक्टर, जावई गोल्फ खेळायला नेणार म्हणतात. मला मधुमेह आहे. चालेल ना?’’

तेथील मेमोरियल पार्कचे मैदान शहराच्या मालकीचे आहे. शुल्क भरून व वेळ राखून कोणीही तेथे खेळू शकतो. १९३६ साली सुरू झालेल्या या मैदानाची २०१९ मध्ये टॉम डोक यांच्या आराखड्यानुसार पुनर्रचना झाली आणि २०२० मध्ये ह्यूस्टन ओपन स्पर्धा तेथे भरली.

गोल्फ हा आरामाचा खेळ, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १८ होलांची फेरी पायी केल्यास ८ ते १० किलोमीटर चालणे होते आणि चार तासांहून अधिक वेळ लागतो. ह्यूस्टनला जुलैत दुपारी तापमान ३५ अंशांच्या आसपास जाते. हवा कोकणासारखी दमट असल्याने घाम वाळत नाही व शरीर थंड होत नाही.

मधुमेह्यांना खरा धोका येथेच आहे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर दीर्घ चालण्याने एकदम उतरू शकते. दरदरून घाम, हातापायांना कंप, भूक, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे होत. पण उन्हात घाम सर्वांनाच येतो, त्यामुळे रोगी व सोबती दोघेही फसतात. अशा वेळी ‘ऊन लागले’ म्हणून नुसते पाणी पाजू नये. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, ९११ क्रमांकावर फोन करावा.

फेरीची आखणी अशी करावी :

१. पहिले आठ-दहा दिवस शरीराला हवामानाची सवय होऊ द्यावी. नंतर ९ होलच खेळावेत, तेही सकाळी लवकर.

२. नाश्ता करूनच निघावे. एकादशीचा उपवास असेल त्या दिवशी खेळू नये.

३. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास जाण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. गोळी मनाने बंद करू नये.

४. साखरेची पुडी स्वतःच्या खिशात ठेवावी, गाडीत नव्हे. आपल्याला मधुमेह असल्याचे सोबत्यांना आधीच सांगावे.

५. छातीत दडपण, जबडा वा डावा हात दुखणे, दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास खेळ तत्काळ थांबवून ९११ ला कळवावे.

६. गडगडाट ऐकू येताच इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

एवढी काळजी घेतल्यास मधुमेह्याने गोल्फ जरूर खेळावे. चालणे हे त्याला औषधच आहे. फक्त गोळी, जेवण व चालणे यांचा मेळ घरून निघण्यापूर्वीच घालावा.