जुनी गोळी, झाडपाला आणि कॅन्सरची फाईल

नांदेड जिल्ह्यात बिलोलीकडे कुणाला तोंडाचा कॅन्सर निघाला की घरात दोन तऱ्हेचे सल्लागार येऊ लागतात. एक सांगतो, तेलंगणात अमक्या गावी झाडपाल्याचं औषध मिळतं, गाठ विरघळते. दुसरा मोबाइल पुढे करतो: जंताची गोळी, शुगरची गोळी, थोडक्या पैशांत कॅन्सर साफ. पहिल्याला हसून वाटेला लावणारी शिकलेली पोरं दुसऱ्याचं मात्र कान देऊन ऐकतात, कारण तो औषधांची नावं घेतो. पंचाईत अशी, की या दुसऱ्याचं सगळंच खोटं नसतं.

जुन्या, स्वस्त औषधाला नव्या कामाला लावण्याचं काम परळच्या टाटा मेमोरियलमध्ये खरोखर झालं आहे. मेथोट्रेक्सेट संधिवाताच्या रुग्णांना माहीत असतं, सेलेकॉक्सिब ही दुखण्यावरची गोळी. डोक्या-मानेचा कॅन्सर बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना तिथल्या डॉक्टरांनी या दोन गोळ्या दिल्या आणि शिरेतून दिलेल्या सिस्प्लॅटिनशी तुलना केली. 2020 मध्ये छापलेला निकाल असा: सिस्प्लॅटिनवर निम्मे रुग्ण 6.1 महिन्यांपलीकडे जगले, गोळ्यांवर निम्मे 7.5 महिन्यांपलीकडे. फरक दीड महिन्याचाही नाही. पण गोळ्या घरी घेता येतात आणि स्वस्त आहेत, म्हणून गरिबाला तो मोठा. 2023 मध्ये टाटाच्याच डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचंच औषध, टोचलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के झालं. दोन्हीकडे आजाराची पायरी ठरलेली होती, डोस मोजलेला होता आणि तुलनेला दुसरा गट होता. मोबाइलवरच्या निरोपात नेमकं हेच गाळलेलं असतं.

काय करावे

• आधी बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्टेज कागदावर घ्या. ‘अमक्याचा बरा झाला’ हे ऐकल्यावर त्याला कुठला, कितव्या पायरीचा होता, ऑपरेशन झालं होतं का, हे विचारा. बहुतेक गोष्टी इथेच आटपतात.

• नवा उपाय चालू उपचाराच्या बरोबर घ्यायचा आहे की बदली, हे पहिल्या दिवशी ठरवा. बरोबर घ्यायचा असेल तर डॉक्टरांशी बोलणं होऊ शकतं. बदली घ्यायचा असेल तर अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या डॉक्टरांची 2018 ची पाहणी ध्यानात ठेवा: बरा होण्याजोगा कॅन्सर असून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट होता, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त.

• पुडी, काढा, भस्म, कॅप्सूल, जे काही चालू आहे ते पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. काही भस्मांत मूत्रपिंडाला घातक असा पारा आणि शिसं असतं. सिस्प्लॅटिनही मूत्रपिंडावर ताण आणतं, आणि दोन्ही एकदम झाले तर कशाने काय बिघडलं हेही कळत नाही. गुळवेलीचे काढे घेतलेल्या काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये केली आहे. भाजीतली हळद चालते. हळदीच्या अर्काच्या मोठ्या डोसाच्या कॅप्सूल ही वेगळी गोष्ट.

• ‘जुनं औषध’ सुचवलं तर विचारा: माझ्याच कॅन्सरवर तपासलंय का? मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा केवढा गाजावाजा होता! मधुमेह नसलेल्या साडेतीन हजारांहून जास्त स्तन-कॅन्सर रुग्णांवर ते तपासलं. 2022 मध्ये कळलं, फायदा नाही. ॲस्पिरिनने मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, गाठीत विशिष्ट जनुकीय बदल असलेल्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी केलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही केलं नाही. गोळी तीच.

• प्रयोगात सहभागी व्हायचं असेल तर तो भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आहे का, ते पाहून घ्या. संमतीपत्र मराठीत मागा. प्रयोगातल्या औषधाचे पैसे मागत असतील तर तिथून उठा.

• दुसरं मत घ्या, पण कॅन्सरच्याच डॉक्टरांचं. लातूरला विवेकानंद रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय, हैदराबादेत एम.एन.जे. रुग्णालय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुठलं रुग्णालय आणि कुठला उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या या योजनेच्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला 75 टक्के. प्रमाणपत्र रुग्णालय देतं. हे माहीत नसल्याने पूर्ण तिकीट काढणारे बरेच आहेत.

• ‘आता घरी न्या’ म्हटलं की माणसं बुवाकडे वळतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. रुग्ण तळमळत असताना कुणी काही करतो म्हटलं तर दार कोण लावील? त्या वेळी मागायची गोष्ट म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना कमी करण्याचा उपचार. मॉर्फिनच्या गोळ्या त्यात येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या दुखण्याला मॉर्फिन घेणाऱ्याला ‘सवय लागेल’ या भीतीपोटी तळमळत ठेवू नका.

काय टाळावे

• मेथोट्रेक्सेट मेडिकलवरून आपल्या मनाने आणणं. ही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर रक्तपेशी घटतात, तोंड सोलून निघतं, जीवही जातो. टाटाचा प्रयोग ऐकून कुणी हा उद्योग करू नये.

• शेळ्यामेंढ्यांचं जंताचं औषध. त्यातल्या फेनबेंडाझोलची कीर्ती पसरली ती त्याने आपला कॅन्सर बरा झाला असं सांगणाऱ्या, अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या जो टिपेन्स यांच्यामुळे. त्याच काळात ते इम्युनोथेरपीच्या प्रयोगातही होते, हे पुढे पाठवलेल्या निरोपात नसतं. आयव्हरमेक्टिनचंही तेच: पेशींवर, उंदरांवर काही दिसलं, माणसांत कॅन्सर बरा झाल्याचं सिद्ध नाही.

• ‘चाळीस दिवसांत स्टेज चार बरा’. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या बरं होण्याचं श्रेय हळद, कडुनिंब, लिंबूपाण्याला दिलं. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कॅन्सरतज्ज्ञांनी पत्रक काढून सांगितलं, याला पुरावा नाही. सिद्धूंच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती.

• ‘कॅन्सरवर रामबाण’ अशी जाहिरात करणाऱ्याला पैसे देणं. 1954 च्या कायद्याने अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

• सदाफुलीची पानं चावणं. व्हिनक्रिस्टिन याच झाडातून आलं, हे खरं. पण ढीगभर वाळलेल्या पानांतून जेमतेम निघणारं ते औषध शिरेतूनच देतात, चुकीच्या जागी गेलं तर घात करतं.

• मधली केमो ‘जरा थांबवून बघू’ म्हणणं. अशक्तपणा आला असेल तर तसं सांगा, डोस बदलता येतो.

• उपचार सोडून गेलेल्याला टोमणे मारणं. तीन महिने झाडपाला घेऊन माणूस परत येतो तेव्हा ‘डॉक्टरांना आता तोंड कसं दाखवू’ या लाजेपायी आणखी महिना घालवतो. जुनी फाईल, शिल्लक पुड्या बरोबर घ्या, मध्ये काय केलं ते खरं सांगा आणि तपासण्या पुन्हा करून स्टेज नव्याने ठरवून मागा. जुन्या रिपोर्टवर नवा उपचार ठरत नाही.