जुनी गाडी शोरूमला द्यावी की स्वतः विकावी?

घरातली गाडी सात-आठ वर्षांची झाली की नवी घेण्याचा विचार सुरू होतो. शोरूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "जुनी गाडी एक्स्चेंजला देणार का?" आपण "हो" म्हणतो आणि पुढचा सगळा व्यवहार विक्रेत्याच्या कागदावर होतो. जुनी गाडी हीसुद्धा आपली बचतच आहे. ती मोडताना मुदत ठेव मोडण्याइतकाच विचार करायला हवा.

दोन व्यवहार वेगळे ठेवा

एक्स्चेंजमध्ये दोन सौदे एकत्र होतात. तुम्ही जुनी गाडी विकता आणि नवी विकत घेता. जुन्या गाडीला चांगला भाव दाखवायचा आणि नव्या गाडीवरची सूट तेवढीच कमी करायची, हे विक्रेत्याला सहज जमते. म्हणून आधी विचारा, "जुनी गाडी दिली नाही, तर नवी गाडी कितीला?" तो आकडा लिहून घ्या. मग जुन्या गाडीचा भाव आणि एक्स्चेंज बोनस वेगवेगळे लिहून मागा. जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीवरचा जीएसटी कमी होतो, असा काहींचा समज असतो. तसे होत नाही.

एक हिशेब

समजा, शोरूम तुमच्या गाडीचे २,६०,००० रुपये आणि बोनस २५,००० रुपये देते. एकूण २,८५,००० झाले. पण एक्स्चेंज न करणाऱ्याला नव्या गाडीवर १०,००० रुपये जास्त सूट आहे. म्हणजे तुम्हाला खरे मिळाले २,७५,०००.

तीच गाडी थेट ग्राहकाला ३,२०,००० रुपयांना जाते असे धरू. सर्व्हिसिंग व साफसफाईचे ७,००० आणि कागदपत्रांचे ३,००० वजा केले, तर उरतात ३,१०,०००. ग्राहक मिळायला दोन महिने लागले आणि तोवर नव्या गाडीसाठी २,७५,००० रुपये मुदत ठेवीवर ९ टक्के दराने उचलावे लागले, तर व्याज ४,१२५ रुपये. हातात राहिले ३,०५,८७५. फरक सुमारे ३१ हजारांचा.

जुनी गाडी आधी विकून नव्या गाडीचे कर्ज ३१ हजारांनी कमी काढले, तर ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी हप्ता दरमहा सुमारे ६४० रुपयांनी कमी बसतो. पाच वर्षांत ही रक्कम ३८ हजारांच्या वर जाते.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून हाच हिशेब करा. फरक पाच-सात हजारांचाच निघाला, तर फोन, चकरा आणि घासाघीस यांपेक्षा शोरूमचा मार्ग बरा. फरक मोठा असेल, तर दोन-चार रविवार खर्च करायला हरकत नाही.

गाडी गेली, नाव राहिले

पैशांपेक्षा मोठा धोका इथे आहे. पैसे मिळाले, किल्ली दिली, तरी आरटीओच्या नोंदीत नाव तुमचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावर ठेवली. तीन लाखांची गाडी विकून त्याहून कितीतरी मोठा दावा अंगावर येऊ शकतो.

म्हणून स्वतः विकताना हे करा:

१. फॉर्म २९ आणि ३० भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. त्याच राज्यात हस्तांतर होत असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते.

२. गाडीवर कर्ज असेल, तर ते फेडून बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्या व आरसीवरचा बोजा उतरवा.

३. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल, तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. त्यासाठी फॉर्म २८ आहे आणि मुदत ४५ दिवसांची. नोकरीनिमित्त पुण्याहून इंदूरला किंवा नागपूरहून हैदराबादला गेलेल्यांची गाडी अजून मूळ गावच्या पासिंगचीच असते. त्यांनी हे काम ग्राहक शोधण्याआधी मनात धरावे. थकलेली चलाने आधी भरा.

४. गाडी दिल्याची पावती करा. तारीख, वेळ, किलोमीटर, रक्कम, दोघांच्या सह्या आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत जोडा.

५. फास्टॅग बंद करा. नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जाईल.

६. महिन्याभराने 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून नाव बदलले का, ते पाहा.

शोरूमला किंवा जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी दिली, तरी नाव आपोआप बदलत नाही. १ एप्रिल २०२३ पासून अशा व्यापाऱ्यांसाठी आरटीओच्या अधिकारपत्राची सोय आहे. अधिकृत व्यापाऱ्याने गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये आरटीओला द्यायची असते. त्याची प्रत मागून घ्या. "आम्ही करतो सगळं" एवढ्यावर थांबू नका.

विम्यातला विसरलेला पैसा

'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट मिळते. हा हप्ता १२,००० असेल, तर ६,००० वाचतात. जुनी गाडी विकल्यावर विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्या. ते तीन वर्षे चालते आणि नव्या गाडीला लावता येते. हे दोन्ही मार्गांत तुमच्या हक्काचे आहे.

पैसे घेताना

शक्यतो बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्याने मना आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. चेक असेल, तर तो वटेपर्यंत किल्ली देऊ नका. पैसे आल्याचा मोबाइलवरचा संदेश पुरेसा नाही, खाते उघडून पाहा. "पैसे पाठवतो, तुमचा यूपीआय पिन टाका" असे कोणी म्हटले, तर व्यवहार तिथेच थांबवा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

घरी करून पाहा

कागदाचे दोन रकाने करा. एकात शोरूमचा खरा भाव, दुसऱ्यात थेट विक्रीचा भाव वजा खर्च. खाली फरक लिहा. मग घरच्यांबरोबर ठरवा की तेवढ्या पैशांसाठी तुमच्याकडे वेळ आहे का. उत्तर काहीही येवो, आरसीवरचे नाव बदलल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे समजू नका.