लहान मुलांची सायकल : दात मोजून माल द्यावा



ईदीचे पैसे हातात आले की मुले सर्वात आधी सायकल मागतात. आमच्या नातवानेही तीच मागितली. वय आठ वर्षे, उंची सव्वाशे सेंटीमीटर, म्हणून २० इंची चाकाची सायकल घेतली. रंग झकास, घंटी, स्टँड, पुढे टोपली, सगळे होते. मुलीचे घर पुण्यात कोंढव्याला, आणि घराकडे यायला चढ. तिसऱ्या दिवसापासून पोरगा त्या चढावर सायकल हाताने ढकलत आणू लागला. महिनाभरात ती जिन्याखाली गेली. दुकानदाराकडे तक्रार केली तेव्हा तो म्हणाला, "चाचा, पोरगं अजून कच्चं आहे. जोर येईल तसं चालवील."

आम्ही जिन्याखाली बसून दात मोजले. पुढच्या चेनव्हीलला ४०, मागच्या फ्रीव्हीलला १६. सगळा घोटाळा तिथेच होता.

आमचा धंदा कापडाचा. सायकलीचे आम्ही मिस्त्री नाही. पण भिवंडी-मालेगावच्या माणसाला दातांचे महत्त्व सांगावे लागत नाही. लूमच्या सात चाकांच्या टेक-अपवर चेंज व्हीलचा एक दात वाढवला की कापडात इंचामागे एक पीक वाढते आणि मालाचा भाव बदलतो. सायकलीतही हिशोब असाच सरळ आहे. मागच्या चाकाचा व्यास इंचात घ्यावा, त्याला पुढच्या दातांनी गुणावे आणि मागच्या दातांनी भागावे. जो आकडा येईल त्याला सायकलीचा गिअर म्हणतात. आकडा मोठा तितके पायडल जड, आणि एका फेऱ्यात सायकल तितकी लांब जाते. आकडा लहान तितके पायडल हलके.

मोठ्या माणसाची २८ इंची काळी सायकल घ्या. पुढे ४४, मागे १८ दात असतील तर गिअर येतो साधारण ६८. नातवाच्या सायकलीचा आला ५०. वरवर पाहता ५० कमी वाटतो. पण ६८चा गिअर फिरवणारा गडी साठ-सत्तर किलोचा असतो आणि हे पोर पंचवीस किलोचे. त्यात सायकल लोखंडी, तिचेच वजन बारा-तेरा किलो, म्हणजे स्वाराच्या निम्मे. सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस किलोची सायकल देऊन चढावर धाडा, मग जोराची गोष्ट बोलू.

आमच्या हिशोबाने २० इंची, एकाच गिअरच्या सायकलीला सपाट गावात ४०पर्यंत ठीक आहे. चढाच्या वस्तीत ३५च्या आसपास ठेवावे, फार चढ असेल तर ३०-३२. पुढे ३६, मागे १८ लावले तर ४० येतो. ३२ आणि १८ला ३५॥. ३२ आणि २०ला ३२. २८ आणि १८ला ३१. काही बंधू म्हणतील, मग पोर सपाटीवर पाय फिरवत बसेल, सायकल पळणार नाही. तेही करून पाहू. ३५॥ला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ २ मीटर ८४ सेंटीमीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी दहा किलोमीटर झाले. आठ वर्षांच्या मुलाला गल्लीत यापेक्षा जास्त वेग देऊन करायचे काय?

आता क्रँककडे या, कारण मिस्त्री लोक इथेच फसतात. नातवाच्या सायकलीला १५० मिलिमीटरची क्रँक होती. पायडल वर आले की गुडघा छातीकडे यायचा आणि पोर सीटवर डावी-उजवीकडे डुलायचे. मुलाच्या उंचीचा दहावा भाग हा साधा आडाखा आहे. सव्वाशे सेंटीमीटर उंचीला १२५ मिलिमीटर, बाजारात १२७ची मिळते, ती चालते. लांबी पुष्कळदा क्रँकच्या मागच्या अंगाला ठोकलेली असते. नसेल तर बीबी एक्सलच्या मध्यापासून पायडलच्या छिद्राच्या मध्यापर्यंत मोजावी. पण लक्षात ठेवा, क्रँक म्हणजे तरफ आहे. ती १५० वरून १२७ वर आणली की पायाला लागणारा जोर १०० चा ११८ होतो. नुसती क्रँक आखूड करून गिअर तसाच ठेवला तर सायकल आधीपेक्षा जड होईल आणि गिऱ्हाईक तुमच्या नावाने ओरडेल. म्हणून दोन्ही कामे एकदम करायची. आम्ही ४०-१६ च्या जागी ३२-१८ लावले, त्याने जोर १०० वरून ७१ वर आला. आखूड क्रँकने तो पुन्हा ८४ वर गेला. शंभरात सोळाची बचत राहिली, आणि गुडघा मोकळा झाला तो वेगळा.

बऱ्याच लहान सायकलींत चेनव्हील उजव्या क्रँकला रिव्हेट करूनच येते. तेव्हा ते सुटे बदलता येत नाही, क्रँकसकट सेट घ्यावा लागतो. सेट घेताना दुसरी क्रँक त्याच लांबीची आहे ना, हे दुकानातच पाहा. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो हे जुन्या मिस्त्रीला ठाऊक आहे, पण नवे शागीर्द जोर लावून क्रँकचा आटा मारतात. पायडलच्या आट्यातही दोन माप आहेत, अर्धा इंच आणि नऊ सोळांश इंच. एकाचे दुसऱ्यात बसत नाही.

चेनचे तसेच. पिच सगळ्यांचा अर्धा इंच, पण एका गिअरच्या सायकलीची चेन आतून अष्टमांश इंच रुंद आणि गिअरवालीची तीन बत्तिसांश. जाड दातांवर अरुंद चेन बसत नाही, वर चढून राहते. अरुंद दातांवर रुंद चेन मात्र एका गिअरला चालून जाते. आमच्या कामात दोन्हीकडचे दात मिळून ५६ चे ५० झाले. म्हणजे चेन तीन कड्यांनी लांब पडली. आतली-बाहेरची अशी दोन कड्यांची जोडीच काढता येते. ती काढली, उरली एक कडी, म्हणजे अर्धा इंच चेन. ती मागचे चाक पाव इंच मागे ओढून घेतली. चेन मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच हलली पाहिजे, फार ताणू नये. जुनीच चेन लावायची असेल तर आधी पट्टीने मोजा. चोवीस कड्या बारा इंच भरल्या पाहिजेत. सव्वा सूत, दीड सूत असा अंदाज नको. बारा इंच आणि वर एक सोळांश झाले की चेन बदला. अष्टमांश वाढेपर्यंत चालवली तर तिने दातही खाल्लेले असतात आणि नवी चेन त्यावर उड्या मारते.

गिअरवाल्या लहान सायकलींविषयी आमचे मत थोडे कडू आहे. चौकटीवर "१८ स्पीड" लिहिले की बापाला वाटते पोराला विमान घेतले. पुढे तीन चेनव्हील, मागे सहा, वजन वाढले, आणि त्या अठरांतले कितीतरी आकडे जवळपास सारखेच येतात. पोर चेन तिरकी पाडते आणि ती उतरते. त्यापेक्षा पुढे एकच ३२ ठेवावे आणि मागे १४ ते २८ दातांचे सहाचे फ्रीव्हील. २० इंची चाकाला सर्वात हलका गिअर २३ आणि सर्वात जड ४५॥ येतो. चढही निघतो, सपाटीही. तेच पुढे ४४ असेल तर हलका ३१॥ आणि जड ६३, म्हणजे वरचे दोन गिअर पोर कधी वापरणारच नाही. मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा घेऊ नका. चाक लहान असल्याने तो जमिनीजवळ लोंबतो आणि पहिल्याच दगडाला वाकतो. गिअर बदलायचा खटका मुलाच्या अंगठ्याने दाबवून पाहा. तुमच्या अंगठ्याने नव्हे.

ज्यांची दुकाने आहेत त्यांनी २८, ३२ आणि ३६ दातांचे सेट आणि १६, १८, २० चे फ्रीव्हील थोडे थोडे जवळ ठेवावेत. लुधियान्याचा माल सगळीकडे येतो, दुर्मीळ काही नाही. सायकल देताना एवढेच विचारावे, बच्चा राहतो कुठे, चढ आहे का? सायकल जड आहे हे ठाऊक असून "जोर येईल" म्हणणे म्हणजे मालाचा ऐब झाकणे, आणि त्याचा हुकूम काय हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. तयार सायकलीत बदल करून दिल्यास मजुरी आणि सामानाचे पैसे वेगळे सांगून घ्यावेत. गिऱ्हाईक देते; आम्ही दिले.

चेनव्हील लहान झाले की चेन गार्ड पुन्हा जवळ बसवा. मध्ये फट राहिली तर मुलींची सलवार, ओढणी, मुलांचा पायजमा त्यात जातो, आणि तेव्हा पोर तोंडावर पडते. चेनव्हील आणि फ्रीव्हील एका रेषेत आहेत ना हे दोरी धरून पाहा. तिरके असतील तर बीबी एक्सल लांबीचा चुकला आहे. फ्रीव्हील काढायला त्याच्याच खाचेचा पाना घ्या आणि एक्सलच्या नटाने तो दाबून ठेवा, कारण पायडल मारून मारून फ्रीव्हील आपोआप घट्ट होत गेलेले असते. नवे बसवताना आट्याला ग्रीस लावायला विसरू नका.

आणि ब्रेक. जो पोरगा आजवर चढ चढतच नव्हता तो आता चढेल, म्हणजे उतरेलही. ब्रेकच्या मुठीपर्यंत त्याची बोटे पोचतात का, हे सायकलीवर बसवून पाहिल्याशिवाय सायकल हातात देऊ नये. नातवाची मूठ आम्हाला स्क्रू फिरवून अर्धा इंच आत घ्यावी लागली. आठ दिवसांनी क्रँकचे नट पुन्हा एकदा आवळले. डावा थोडा सैल झालाच होता.