अनुपकारी : जिचं नावही विचारलं नाही



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

भावार्थ : द्यायला हवं म्हणून दिलेलं, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला आणि परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. काहीतरी परत मिळावं म्हणून किंवा मनात कुरकुरत दिलेलं दान राजस. आणि समोरच्याचा मान न राखता, तुच्छतेने दिलेलं तामस. विसाव्या श्लोकात एक शब्द येतो : अनुपकारी. म्हणजे ज्याने आपल्यासाठी कधी काही केलेलं नाही, असा माणूस.

आता खरं सांगतो. मागच्या महिन्यात एका मित्राला अडचणीत पैसे दिले. "परत नको देऊस," असं मीच म्हणालो. पण त्याचा साधा 'थँक यू' आला नाही. रोज व्हॉट्सअॅप उघडायचो, निळ्या टिका दिसायच्या आणि आत खुपायचं. त्याच्या वाढदिवसाला मी मुद्दाम फोन केला नाही. पैसे नको होते, पण पावती हवी होती.

त्याच आठवड्यात किल्लारीला आजीकडे गेलो. तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नसाल, म्हणून थोडं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव झोपलेलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ज्या घरांनी उन्हापासून राखलं, तीच अंगावर आली. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली. वर पाऊस लागला.

आजी त्या दिवसांबद्दल फार बोलत नाही. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता बोलली.

"रस्त्याच्या कडंला बसलो होतो, तुझी आई माझ्या मांडीवर कुडकुडत होती. एक ट्रक थांबला. एक बाई उतरली, तिनं आपल्या अंगावरची शाल काढून पोरीला गुंडाळली. भाकरी हातात दिली. बोलली काहीच नाही. जवळ बसून रडली अन् गेली."

"कोण होती? कुठली?"

"नाव इचारायचं सुधरलंच नाही, लेकरा."

"मग तिचे उपकार फेडायचे राहूनच गेले की."

"तिला कुठं हुडकू? म्हणून दारात येईल त्याला उपाशी जाऊ देत नाही."

मी पटकन विचारलं, "आणि त्यातलं कुणी परत येऊन तुला काही म्हणतं का?"

आजीने तव्यावरची भाकरी उलटली. "मी तरी कुठं गेले होते तिच्याकडं?"

मी गप्प झालो.

त्या दिवसांत अशी अनोळखी माणसं खूप आली. किल्लारीजवळच्या मंगरूळ गावात एका आईबापाने लष्कराच्या सुमीत बक्षी या अधिकाऱ्याला आपल्या दीड वर्षाच्या लेकीचा निदान देह तरी काढून द्या, अशी विनंती केली. ते ढिगाऱ्यात शिरले. भूकंपाला चार दिवस उलटून गेले होते, आणि लोखंडी खाटेखाली ती लेक जिवंत सापडली! पुण्याचे शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. दीड वर्षाचं बाळ कुणाला काय परत देणार? अनुपकारी शब्दाचा अर्थ मला तिथे कळला.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. जो ढिगाऱ्याखाली असतो, त्याला आभार मानायचं भान नसतं. आजी कृतघ्न नव्हती, ती दुःखात होती. मग माझा मित्र कशाखाली दबलाय, हे मी विचारलं होतं का? मी दिलं ते योग्य वेळी, योग्य माणसाला. पण मनात हिशेब ठेवला आणि सात्त्विक दानाचं राजस करून टाकलं. ते पैसे देताना झालं नाही, नंतर रोज फोन बघताना झालं.

परतताना एसटीतून मित्राला फोन लावला. तो अर्धा तास वडिलांच्या आजारपणाबद्दल बोलत होता. पैशांचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. फोन ठेवला तेव्हा खूप दिवसांनी हलकं वाटलं.

आजचा संकल्प : ज्याच्या आभारांची आपण अजून वाट बघतोय, अशा एकाला आठवा. त्याला आज फोन करा, फक्त "कसा आहेस?" विचारायला. आणि ज्या अनोळखी माणसाचे आभार मानायचे आपले राहून गेले, त्याच्या नावाने आज कुणासाठी तरी काहीतरी करा. कुणाला सांगू नका.

प्रार्थना : पांडुरंगा, देताना हात मोकळा दे, आणि दिल्यावर मनातली वही मिटू दे.

राम कृष्ण हरि!