नदी मार्चमध्ये येते, पॉलिसी जानेवारीत काढा

अमेरिकेतील आयोवा राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला फ्रीमॉन्ट काउंटी आहे. पश्चिमेला मिसुरी नदी, तिच्या काठाने मैलोन्मैल सपाट गाळाची जमीन आणि मागे लोएस मातीच्या टेकड्या. सपाटीवर मका आणि सोयाबीन, आणि मधूनमधून पत्र्याच्या उंच गोल कोठ्या. इथे त्यांना बिन म्हणतात. मार्च 2019 मध्ये नदीकाठचे बांध फुटले आणि ही सपाटी पाण्याखाली गेली. हजारेक वस्तीचे हॅम्बर्ग गाव बुडाले, इंटरस्टेट 29 महामार्ग बंद पडला.

त्या पुराची छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांना फुटलेले बिन आठवत असतील. तळाशी पाणी शिरले की सोयाबीन फुगते. दाण्यांचा दाब पत्र्याच्या जोडांवर येतो, बोल्ट तुटतात, पत्रा उभा फाटतो आणि आतला माल पाण्यात ओततो. आदल्या वर्षी चीनशी आयातशुल्काचा वाद पेटून सोयाबीनचे भाव कोसळले होते. त्यामुळे अनेकांनी माल विकला नव्हता, कोठ्या भरलेल्या होत्या. आणि तो माल आपण काढलेल्या कोणत्याच विम्यात बसत नाही, हे बहुतेकांना पूर ओसरल्यावर कळले.

पीक विमा शेतात उभ्या असलेल्या पिकाचा असतो. कापणी होऊन दाणा बिनमध्ये गेला की त्याचे काम संपते. घराची पूर-पॉलिसी घरापुरतीच असते, अंगणापलीकडचा बिन तिच्यात आपोआप येत नाही. पुढे अमेरिकी काँग्रेसने मदत-कायदा करून शेतावर साठवलेल्या धान्याच्या नुकसानीची तरतूद केली, पण दरवेळी तसा कायदा होईल या भरवशावर कोणी माल ठेवू नये. राष्ट्रीय पूर विमा योजनेत धान्य साठवण्याची इमारत विमापात्र आहे. मात्र प्रत्येक इमारतीची पॉलिसी वेगळी काढावी लागते. एजंटकडे गेल्यावर ‘घराचा विमा आहे ना’ एवढे विचारून परत येऊ नका. बिन कोणता, तो कुणाच्या नावावर आहे, आतला माल धरला आहे का, हे पॉलिसीवर लिहिलेले दाखवून घ्या. खंडाने जमीन कसणाऱ्यांनी जास्तच. बिन मालकाचा आणि मका कुळाचा असेल, तर मालकाच्या पॉलिसीतून कुळाच्या मक्याचे पैसे मिळत नाहीत.

आता तारखा. पूर-पॉलिसी घेतल्यापासून 30 दिवसांनी लागू होते. नवीन कर्ज घेताना पॉलिसी काढली तर सूट आहे, एरवी बहुधा नाही. मार्चच्या मध्याला नदी चढणार असेल, तर फेब्रुवारीच्या मध्याला धावपळ करूनही उशीरच होतो. हवामान खात्याचा वसंतातला पूर-अंदाज हाती पडेपर्यंत थांबणाऱ्याची ही अडचण होते: अंदाज वाचून एजंटला फोन करावा, तर मधले 30 दिवस उघडे पडतात. म्हणून जानेवारी. ही योजना काँग्रेसच्या मुदतवाढीवर चालते. मुदतवाढ रखडली की नवीन पॉलिसी मिळणे थांबते, हेही धरून चला.

घराला 2,50,000 डॉलर आणि घरातल्या सामानाला 1,00,000 डॉलर ही कमाल मर्यादा. निवासी नसलेल्या इमारतीला आणि तिच्यातल्या मालाला प्रत्येकी 5,00,000. तळघर असेल तर घर तापवण्याची भट्टी, पाणी तापवण्याची टाकी, विजेचा फलक अशा ठरावीक गोष्टीच धरल्या जातात, तिथे ठेवलेले बहुतेक सामान नाही. कुंपण, विहीर, सेप्टिक टाकी, जनावरे, उभे पीक, खुद्द जमीन यांपैकी काहीच या विम्यात येत नाही.

‘आमची जमीन बांधामागे आहे, नकाशावर आम्ही धोक्याच्या पट्ट्यात नाही’ हे वाक्य या भागात फार ऐकू येते. नकाशा इतकेच सांगतो की बँकेने विम्याची सक्ती करायची की नाही. ऑक्टोबर 2021 पासून हप्ताही त्या पट्ट्यावर ठरत नाही, त्या त्या इमारतीचे पाण्यापासूनचे अंतर आणि ती पुन्हा बांधण्याचा खर्च पाहून ठरतो. बांधाचे म्हणाल तर हॅम्बर्गकडे पाहा. 2011 च्या पुरात एक बांध घाईने उंच केला गेला आणि गाव वाचले. तो वाढीव भाग केंद्राच्या मानकांत बसत नव्हता आणि तसा पक्का करायला गावाकडे पैसा नव्हता, म्हणून तो उतरवावा लागला. आठ वर्षांनी पाणी गावात शिरले. मोठ्या पुरांना ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणण्याची पद्धतही फसवी आहे. वर्षाला 1 टक्का शक्यता म्हणजे 30 वर्षांच्या कर्जाच्या काळात 26 टक्के, जवळजवळ चारात एक. मिसुरीने 1993, 2011 आणि 2019 असे तीन मोठे पूर तेवढ्यातच दाखवले.

2019 चे पाणी आले कसे हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. नेब्रास्का राज्यात जमीन गोठलेली, वर बर्फ, आणि त्यावर जोराचा पाऊस. मुरायला वाव नसल्याने सगळे पाणी वाहिले. तिथली प्लॅट नदी मिसुरीला मिळते ती शेवटच्या मोठ्या धरणाच्या खाली, म्हणून तिचे पाणी अडवायला मिसुरीवर काही नव्हते. मार्चच्या सुरुवातीला जमीन गोठलेली आणि नेब्रास्कात बर्फ साठलेला असेल, तर वरच्या धरणांतून किती पाणी सोडतात एवढ्यावर विसंबू नका.

पीक विमा घेण्याची अंतिम तारीख आयोवात मका-सोयाबीनसाठी 15 मार्च. पाण्यामुळे पेरणीच करता आली नाही तरी या विम्यातून भरपाई मिळते, पण इथे एक खोच आहे. विमा सलग चालू असेल तर पेरणी अडवणारे कारण मागच्या वर्षीच्या अंतिम तारखेपासून धरले जाते. पहिल्यांदाच विमा घेणाऱ्याला ते या वर्षीच्या तारखेनंतर घडलेले असावे लागते. पाणी 14 मार्चला शेतात आले तर शेजारी-शेजारी दोघांना वेगवेगळे उत्तर मिळू शकते. म्हणून पॉलिसी खंडित करू नका, हप्ता जड वाटला तर विम्याची पातळी कमी करा.

पाणी उतरेना आणि मक्याची 31 मे, सोयाबीनची 15 जून ही पेरणीची शेवटची तारीख उलटली, तर ‘पेरणी झाली नाही’ म्हणून भरपाई मागता येते: मक्याला हमीच्या 55 टक्के, सोयाबीनला 60 टक्के. एकरी हमी 800 डॉलर असेल तर मक्याचे 440. त्यासाठी किमान 20 एकर किंवा विमा क्षेत्राच्या 20 टक्के जमीन अडलेली असावी लागते आणि 72 तासांत कळवावे लागते. पंतप्रधान पीक विम्यातल्या 72 तासांची सवय असलेल्या मराठी वाचकाला हे नवीन नाही, आणि उशिराने दावा बुडण्याची गोष्टही नवीन नाही.

कागदांखेरीज हाताचे काम एकच मोठे: माल हलवणे, तेही जमीन गोठलेली असताना. बर्फ वितळू लागला की काउंटीचे खडीचे रस्ते असे भिजतात की भरलेला ट्रक रुततो. एका सेमी ट्रकमध्ये 900 ते 1,000 बुशेल मका जातो. 10,000 बुशेलच्या बिनला दहा-अकरा खेपा धरा आणि त्या हिशेबाने फेब्रुवारीतच सुरुवात करा. भाव वाढेल म्हणून थांबायचे असेल तर टेकडीवर किंवा एलेव्हेटरमध्ये (धान्याच्या व्यापारी कोठारात) जागा घेऊन थांबा. प्रोपेनच्या टाक्या साखळीने जखडा, त्या तरंगत जातात. माल हलवता आला नाही, तर निघण्यापूर्वी पंख्यांची वीज तोडा आणि बिनमध्ये माल कुठवर आहे याचे तारखेसह फोटो काढा.

पूर ओसरल्यावर बिनच्या खालच्या तोंडाने माल काढू नका. भिजलेला थर चांगल्या मालात मिसळतो. पाण्याच्या रेषेवरचा कोरडा माल वरून ओढून घ्या, आणि काहीही झाले तरी आत उतरू नका. पाणी लागलेले धान्य अन्न व औषध प्रशासनाच्या लेखी भेसळयुक्त आहे. ते गुरांनाही घालायचे नाही. पूर-पॉलिसीचा नुकसानीचा दाखला पुराच्या तारखेपासून 60 दिवसांत द्यावा लागतो. मेलेल्या जनावरांसाठी आणि शेतात आलेल्या वाळूसाठी कृषी खात्याच्या काउंटी कार्यालयात वेगळ्या योजना आहेत, तिथे फोटोशिवाय जाऊ नका.

विहिरीचे पाणी काउंटीच्या आरोग्य खात्याकडून जिवाणू आणि नायट्रेटसाठी तपासून येईपर्यंत उकळूनही पिऊ नका, नायट्रेट उकळल्याने जात नाही. आणि वर्षभर पाण्याखाली किंवा पडीक राहिलेल्या रानात उन्हाळ्याच्या शेवटी ओट किंवा राय पेरून ठेवा. मुळांशी राहणारी बुरशी उपाशी मेली की पुढच्या मक्याला स्फुरद उचलता येत नाही, आणि कोवळी पाने जांभळी पडलेली दिसेपर्यंत जून उजाडतो.